मोतीबाग स्टेशनवरचं भूत

सकाळपासून डोकं तापलेलं आहे म्हणून लिहून राह्यलो. कोणाला लागलं तर लागू द्या.

काल रात्री जेवताना भाच्यानं मोबाईल समोर धरला, मामा हे पाहा आपल्या गावाचं. कोण्या शहरातल्या पोट्ट्याची रील. रात्रीची वेळ, हातात टॉर्च, मागून कुत्रं विव्हळल्यासारखं म्युझिक, आणि हा बहाद्दर कुजबुजत सांगते की दोस्तहो हे आहे विदर्भातलं भुताचं स्टेशन, इथं रात्री गाडीची शिटी ऐकू येते. आणि टॉर्च मारला कुठं, तर तिकीट खिडकीवर. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बंद पडलेल्या दारव्हा मोतीबाग स्टेशनच्या तिकीट खिडकीवर! खाली कमेंटमध्ये आपल्याच गावचे पोट्टे लिहितात, हो भाऊ खरं आहे मीपण ऐकली. अरे लाजा वाटू द्या जराशा. शिटी तर आम्हीही ऐकली, लहानपणभर ऐकली, पण वाजवणारा माणूस चांगला जिता होता, घामानं ओला अन् कोळशानं काळा.

माय बाजूले बसून पाहत होती. ती म्हणे, "हे तर आपलं टेशन होय न रे. एवढा अंधार काहून करून ठेवला बाप्पा?"

माझ्या घशाखाली घास उतरला नाही त्यानंतर.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाहीतर म्हणाल हा उगाच भावनेत वाहून राह्यला. मी सात-आठ वर्षांचा असेन. दिवाळीचे दिवस, भाऊबीजेला माय अन् मी कारंजाला मामाकडे चाललो शकुंतलेनं, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर लाईनवरच्या आमच्या छोट्या रुळाच्या गाडीनं. आदल्याच बाजारात मला निळ्या पट्ट्याची स्लिपर घेतली होती, पहिली नवीन चप्पल, त्याआधी सगळ्या मोठ्या भावाच्या उतरलेल्या. मी दारात पाय खाली सोडून बसलो. मायनं दोनदा वरडून सांगितलं आत ये. लाडखेडकडून येणारी गाडी तशीही भरलेली असायची, आत जागा कुठं, टोपल्या, कापसाची गाठोडी, एक बकरी. अन् गाव सोडून थोडं पुढं गेलो नाही तर उजव्या पायातली चप्पल खाली पडली. मी असा बोंबललो की अख्ख्या डब्याला वाटलं पोट्टंच पडलं.

पुढचा हॉल्ट आला तसा गार्डबाबू खाली उतरला, तिकिटं फाडायला. हो, गार्डच तिकिटं फाडायचा लहान हॉल्टवर. आत्ताच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात. शेवटच्या काळात तर गाडीवरची सातेक माणसंच सगळं करायची, तिकीट विकणं, सिग्नल पाहणं, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावणं, सगळं हातानं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, म्हणे काहून रडून राह्यला बे? मायनं सांगितलं. तो काहीच बोलला नाही, मान हलवली, हिरवी झेंडी दाखवली अन् मागं निघून गेला. मला वाटलं संपलं.

पुढचं सांगतो, आधी त्या रीलवाल्याचा हिशोब करू द्या.

भाऊ, तू ज्या भिंतीला पाहून दचकला न, ती ज्या लाईनवर उभी आहे तिच्या मागं शंभर वर्षांचा कापूस आहे. भुसावळहून नागपूरपर्यंतची मोठी लाईन १८६७ मध्येच झाली होती, जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची. पण आमचा कापूस तर यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव इकडे पिकायचा, तो बैलगाडीनं मोठ्या लाईनवर न्यायचा म्हणजे बैलाचा जीव जायचा. मग मुंबईची किलिक निक्सन नावाची इंग्रजांची कंपनी, तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली अन् मूर्तिजापूर मधात धरून दोन फाटे टाकले. एक यवतमाळला ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला ७६-७७. कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई, तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यात. आणि गंमत पाहा, कापूस मँचेस्टरला गेला अन् बदल्यात इंजिन मँचेस्टरहून आलं! १९२१ मध्ये बनलेलं झेडडी नावाचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत आमच्या लाईनवर धूर सोडत होतं, मग डिझेल आलं. सत्तर वर्षं एका इंजिनानं ओढलं, इथं आपल्या मोटरसायकली पाच वर्षांत खिळखिळ्या होतात.

माझी चप्पल पडली ती त्याच वाफेच्या इंजिनाच्या काळात. डोळ्यात कोळशाचा कण गेला की माय पदराचा बोळा करून फुंकायची अन् डोळ्यावर धरायची. हे असं भूत होतं आमचं.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर पानठेल्यावर भांडणं होतात. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सगळी सरकारची झाली, आमची लाईन मात्र राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी अन् माणसं भारतीय रेल्वेची, अन् कराराप्रमाणे कंपनीला रॉयल्टी. कोणाच्या लक्षात नव्हतं की कोणाला फिकीर नव्हती, तुम्हीच ठरवा. मालक म्हणे दुरुस्ती तुमची, चालवणारे म्हणे रूळ तुमचे. दोन भावांच्या भांडणात वडिलोपार्जित घराचं जे होते तेच झालं. स्पीड कमी-कमी होत गेला, शेवटी यवतमाळकडची गाडी बंद पडली त्याला आता दहाएक वर्षं झाली, मग अचलपूरकडचीही गेली.

हो, मान्य आहे, गाडी लय हळू होती. मूर्तिजापूर-यवतमाळला सहा-सात तास लागायचे, एसटी त्याच्या अर्ध्याहून कमी वेळात पोचवते. ज्याला ऑफिसला जायचं त्याच्या कामाची ती नव्हतीच. तोट्यात होती हेही मान्य. पण तिच्यात बसायचं कोण? मजुरीला जाणाऱ्या बाया, बाजाराला भाजी नेणारे, दवाखान्यात जाणारी बुढी माणसं, ज्यांच्याजवळ वेळ होता अन् पैसा नव्हता. एसटीपेक्षा कितीतरी स्वस्तात जायचे. त्यांचा तोटा कोणत्या कागदावर लिहिला कोणी?

आणि हे ऐका, याच्यावर तर माझं डोकं फिरतेच. आमच्या रुळाचं माप ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. कालका-शिमला गाडीच्या रुळाचंही तेच माप आहे, ७६२. तिला २००८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. तिकडे लोक पैसे देऊन खिडकीत बसतात, फोटो काढतात, स्टेशनवर कुंड्या, रंगरंगोटी, गरम चहा. आमच्याकडे तेच माप, तशीच इंग्रजांच्या वेळची लाईन, अन् आमच्या वाट्याला भुताची रील. बरं, आमच्याकडे डोंगर नाही, बर्फ नाही, बोगदे नाहीत, मान्य, पऱ्हाटीच्या वावरातून जाणारी गाडी कोण पाहायला येईल. पण वारसा काय फक्त थंड हवेच्या ठिकाणीच असते का?

आता थोडं आपल्याही अंगावर घेतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यालाच शिव्या देते. तो पोट्टा रात्री तिथं गेला तर त्याला काय दिसलं? बाभळी, दारूच्या बाटल्या, प्लास्टिक. बाभळी आपोआप उगवल्या, बाटल्या कोणाच्या? आपल्या. मी काल रात्री झोपलो नाही, सकाळी सहाला गाडी काढली अन् स्टेशनवर गेलो. रूळ गवतात गडप. जिथं रांजण असायचा पाण्याचा, त्याच्या बाजूला तो कडुनिंब आहे अजून. पाण्यासाठी रांजण अन् हापशी, बसायला निंबाची सावली, तिकिटाला एक खिडकी, सामान तोलायला एक काटा, बस एवढ्याच सुविधा होत्या या स्टेशनच्या. फलाट तर वीतभर उंच, बुढ्या माणसाला डब्यात चढवायला खालून दोघं अन् वरून एक लागायचा. एवढंसं स्टेशन, पण कोणी तहानलेलं गेलं नाही तिथून. गाडगेबाबांच्या खराट्याचा मुलूख आहे हा, अन् आपण आपलं स्टेशन झाडत नाही. मी तिथं उभं राहून चार बाटल्या पिशवीत भरल्या, मग लाज वाटली, चार भरून काय होते, अन् घरी आलो. म्हणजे मीपण काही फार मोठा नाही.

काही मित्र आत्ताच कमेंट टाकायला बसले असतील की अरे बाबा मोठी लाईन येऊन राह्यली न, काहून रडते. येऊन राह्यली, माहीत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, २००८-०९ मध्ये मंजूर झाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब सुरू झाली. म्हणजे पंधरा वर्षांत गाडी कळंबपर्यंत पोचली, शकुंतलेला नावं ठेवणाऱ्यांनी हा स्पीडही एकदा मोजावा. ती दारव्ह्यावरूनच दिग्रस-पुसदकडे जाणार आहे, चांगलं आहे, मी सगळ्यात आधी पेढे वाटीन. आजही यवतमाळच्या माणसाला मुंबईची गाडी पकडायची तर धामणगावला जा, रात्री-बेरात्री पन्नास किलोमीटर. तो त्रास जाईल. आणि शकुंतलेचंही ब्रॉडगेज करायची घोषणा झालीच होती की, २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, दीड हजार कोटींचा आकडा पेपरात होता. कात्रण अजून आहे माझ्याजवळ, पिवळं पडलं.

मला एवढंच पाहिजे की नवीन स्टेशन बांधाल तेव्हा जुनी खिडकी पाडू नका. आणि एक तरी गाडी अशी ठेवा, जी हॉल्टवर थांबेल अन् जिचं तिकीट वेचणीवाल्या बाईला परवडेल. एक्स्प्रेस आमच्या शिवारातून धडधडत निघून जाईल अन् आम्ही फाटकावर उभं राहून डबे मोजू, असं नको.

हं, चप्पल.

चार दिवसांनी कारंजाहून परत निघालो. मी अनवाणी. फलाटावर उभे होतो तर गाडी आली, अन् मागच्या ब्रेकच्या डब्यातून तोच गार्डबाबू उतरला. हातात सुतळीला बांधलेली निळी स्लिपर. गँगमनला सांगून रुळाच्या कडेनं शोधायला लावली होती, अन् तेव्हापासून ब्रेकमध्ये खिळ्याला टांगून घेऊन फिरत होता, कधीतरी हे पोट्टं परत येईलच म्हणून. मायच्या समोर धरली अन् म्हणे, "बाई, चार दिवसांपासून फुकट फिरून राह्यली गाडीत, हिचं तिकीट कोन काढन?"

माझी माय परक्या माणसासमोर कधी हसत नसे. त्या दिवशी पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मी समजलो चप्पल सापडली म्हणून हसते. डब्यात बसल्यावर तिनं सांगितलं. एक चप्पल काय कामाची म्हणून डाव्या पायातली मामीनं दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर फेकली होती.

आम्ही मग उजवी घेऊन घरी आलो. कित्येक वर्षं ती खुंटीला टांगलेली होती, बाबा फेकू द्यायचे नाहीत.

काल रील बंद करून मी मायला म्हटलं, आठवते का ते, गार्डबाबू अन् चप्पल? बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं विसरली. मग ताट उचलता उचलता म्हणे, "आपन त्या माणसाले साधं नावबी नाही इचारलं रे."