जयंत पवारांचे ‘अधांतर’ हेही रडगाणेच का?

आज एका एकांकिका स्पर्धेच्या बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी सफाई कामगारांवर एकांकिका करणाऱ्या मुलांना भर सभेत सुनावले, की प्रेक्षक दमूनभागून नाटकाला येतो, त्याला असली सामाजिक रडगाणी नकोत. वर टाळ्याही पडल्या. तेव्हापासून ‘अधांतर’ लिहिणारे नाटककार जयंत पवार डोक्यातून जात नाहीत.

दमूनभागून नाटकाला आलेली माझी आई मी पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत माझे वडील होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि आई मात्र लोकांच्या पोळ्या लाटत राहिली. १९९७ मध्ये गिरणगावातल्या धुरू कुटुंबाची गोष्ट सांगणारे ‘अधांतर’ रंगभूमीवर आले, तेव्हा मी तिला हट्टाने घेऊन गेलो. मध्यंतरात तिने वड्याचा पुडा सोडलासुद्धा नाही. “त्या नरूला कुणीतरी कामाला लावा रे,” एवढेच ती म्हणाली, जणू धुरूंचे बिऱ्हाड आमच्याच मजल्यावर होते.

पवारांचे सामर्थ्य मला इथेच दिसते. मोर्चे आणि भाषणे बाजूला ठेवून त्यांनी चाळीतली एक खोली घेतली. लेखक होण्याची स्वप्ने पाहणारा बाबा, गुंडांच्या टोळीकडे ओढला जाणारा नरू आणि या सगळ्यांना दोन घास घालण्यासाठी झिजणारी आई एवढ्यांतून अख्ख्या गिरणगावाची पडझड दाखवली. हा माणूस स्वतः गिरणगावात वाढलेला, पुढे ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये पत्रकारिता केलेला. ‘काय डेंजर वारा सुटलाय’ हे नाटक लिहितानाही त्यांची नजर विकासाखाली चिरडल्या जाणाऱ्या माणसांवरच होती. २०१२ मध्ये त्यांच्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कौतुकाचे हार घालायला सगळे पुढे होते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले आणि आता त्याच वाटेने चालू पाहणाऱ्या पोरांना आपण व्यासपीठावरून हिणवतो! संताप येतो.

प्रचारकी नाटके कंटाळवाणी होतात, हे मान्य. या मुलांची एकांकिकाही शेवटी थोडी भाषणबाज झाली होती. ते त्यांना जवळ बसवून सांगता आले असते. पण विषयच नको म्हणणे म्हणजे माझ्या आईला, नाटकातही तुझे घर दिसता कामा नये, असे सांगणे आहे. ती त्या रात्री घरी परतताना बसमध्ये कितीतरी वर्षांनी संपाबद्दल बोलली. वडिलांनी पगाराची शेवटची पाकिटे जपून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले.

त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल, तर शेवटचा प्रवेश आटोपशीर करा आणि पुढच्या वर्षी हीच एकांकिका पुन्हा उतरवा. तालमीला जागा मिळत नसेल, तर आमच्या इमारतीची गच्ची संध्याकाळी मोकळी असते; सोसायटीशी मी बोलतो.