‘हा माझ्याकडे येऊ दे’ : इंग्लंडमधल्या स्थलांतरित मुलांच्या आठवणींबद्दल

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : 1939 साली, दुसरं महायुद्ध सुरू होताना, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून खेड्यांत पाठवलेल्या इंग्रज मुलांच्या आठवणी उतारवयात सांगितलेल्या आहेत. त्यामुळे मुलांना रांगेत उभं करून गावकऱ्यांनी निवडून नेलं हे अतिरंजित वाटतं, आणि त्यात गावकऱ्यांवर अन्याय होतो.

गावकऱ्यांना दोष देऊ नये, हे अगदी खरं. निवड मात्र झाली होती, आणि तिचं मूळ सरकारच्या स्थलांतर-योजनेतच आहे. 1 सप्टेंबरपासून मोजक्या दिवसांत सुमारे 15 लाख माणसं हलवली गेली. सगळी हुशारी गाड्या सोडण्यात खर्ची पडली. अनेक स्थानकांवर जी गाडी समोर उभी, तीत मुलं चढवली. परिणामी एकेका शाळेची मुलं वेगवेगळ्या गावांत पोहोचली, आणि शाळकरी मुलांची वाट पाहणाऱ्या गावात तान्ही बाळं घेऊन आया उतरल्या. कोणाच्या घरी कोण, ही आधी केलेली यादी तिथेच निकामी झाली. संध्याकाळ झालेली, मुलं दमलेली. मग सभागृहात लोकांना बोलावून ‘घेऊन जा’ म्हणणं एवढंच स्वयंसेवकांच्या हाती उरलं. शेतावर उपयोगी पडतील असे थोराड मुलगे लवकर जात, भावंडं मागे राहत. काही गावांत अधिकारी मुलांना घेऊन दारोदार फिरले. तेही मुलांच्या मनाला तितकंच लागलं.

गावकऱ्यांनी पैशांसाठी मुलं घेतली, असंही म्हटलं जातं. यजमानाला सरकारकडून एका मुलासाठी आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स मिळत. एकाहून जास्त असतील तर माणशी 8 शिलिंग 6 पेन्स. त्यात राहणं, जेवण, धुणं सगळं आलं. कपडे-बूट आईबापांनी पुरवायचे, पण गरीब घरांना बूट परवडत नसत, आणि खेड्यातल्या चिखलात पातळ तळव्याचे बूट टिकत नसत. अंथरूण ओलं करणारं मूल असलं की चादरी आणि साबण यांतच बराच पैसा जाई. शिवाय खोलीमागे एक माणूस असा हिशेब होता, आणि घरात जागा असून नाकारलं तर दंड होऊ शकत असे.

मुलांच्या डोक्यातल्या उवांबद्दल शहरी आयांना फार बोल लावला गेला. मुलं निघाली ती उन्हाळी सुट्टीच्या शेवटी; शाळेतल्या परिचारिकांची तपासणी आठवडेच्या आठवडे बंद होती, हे त्या वेळी फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

आठवणी पडताळता येतात. 29 सप्टेंबर 1939 च्या राष्ट्रीय नोंदणीत माणूस त्या रात्री जिथे होता तिथेच नोंदला गेला, म्हणून मूल यजमानाच्या घरात सापडतं. मात्र हयात असू शकणाऱ्यांच्या ओळी झाकलेल्या असतात; अशा वेळी गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आणि मुख्याध्यापकांची रोजनिशी पाहा. अर्धा दिवस गावची मुलं, अर्धा दिवस पाहुणी, अशा पाळ्या तिथे नोंदलेल्या सापडतात. नावं एकदम कमी झालेली दिसली तर दचकू नका. बॉम्ब पडेनात, तेव्हा जानेवारी 1940 पर्यंत निम्म्याहून अधिक माणसं घरी परतली होती. 1940 च्या उन्हाळ्यात, फ्रान्स जर्मनीच्या हाती पडल्यावर, पुन्हा पाठवणी सुरू झाली. म्हणून एकाच मुलाच्या आठवणीत दोन गावं असली तर ती चूक समजू नका, दोन्ही गावांचे कागद तपासा.