पेशंट म्हणजे खोकं नव्हे

परिचारिका आणि वॉर्डातल्या मामा-मावशींच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, पट्टा बांधा, जड पेशंट दोघांनी उचला. तरी पाठ धरली, तर तुमची पद्धत चुकली.’ शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. पण आधी बाकीचं.

गुडघे वाकवणं खोकं उचलताना ठीक, कारण खोकं अंगाशी घेता येतं. पेशंट पलंगाच्या मधोमध असतो. मध्ये कठडा, सलाइनचा स्टँड, लघवीची पिशवी. गुडघे वाकवले की पलंगाच्या कडेला आपटतात, मग वाकायचं ते कमरेतूनच. त्यात ऐन वेळी पेशंट घाबरून गळ्यात हात टाकतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं उचलायच्या वजनाचं सूत्र सगळं अनुकूल असतानाही 23 किलोवर थांबतं. त्याच संस्थेच्या थॉमस वॉटर्स यांनी 2007मध्ये पेशंट हातानं उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा तर जेमतेम 16 किलोची. शंभर किलोच्या माणसाचा एक पायच साधारण तेवढा भरतो!

आपल्या कमरेला बांधायच्या पट्ट्याचं थोडक्यात: निरोगी कामगाराची इजा त्यानं टळते याला पुरावा नाही, हे नायॉशनं 1994मध्येच सांगितलंय. बांधल्यावर उगाच अवसान मात्र येतं.

दोघांनी उचललं की भार निम्मा होतो, हा हिशेब कागदावरचा. एक उंच, एक बुटका. एक ‘तीन’वर ओढतो, दुसरा ‘दोन’वरच. अमेरिकी संशोधक विल्यम मॅरस यांच्या 1999च्या अभ्यासात दोघांनी हलवतानाही कण्याचा धोका मोठाच निघाला.

आता ‘पद्धत चुकली’. उचलण्याच्या सल्ल्यानं आणि प्रशिक्षणानं पाठदुखी टळत असल्याचं 2011च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसलं नाही. नुसतं हॉइस्ट, म्हणजे पेशंटला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र, आणूनही भागत नाही म्हणा. हॉइस्ट स्टोअरमध्ये, त्याची बॅटरी उतरलेली आणि झोळी धुलाईला, असं असेल तर रात्रपाळीतली बाई हातानंच उचलणार. मग चूक तिच्या गुडघ्यांची कशी?

पलंगावर पायांकडे घसरलेल्या पेशंटला उचलायचंच नसतं, सरकवायचं असतं. ब्रेक लावा, पलंग कमरेपर्यंत वर घ्या, डोक्याकडची बाजू सपाट करा, अंगाखाली घसरती, म्हणजे गुळगुळीत कापडाची, चादर घाला. पेशंटला जमत असेल तर त्यालाच गुडघे वाकवून टाचांनी रेटा द्यायला सांगा. ज्याला अजिबात जमत नाही, त्याच्यासाठी हॉइस्ट. आणि तो चार्जिंगला लावणं हे कुणाच्या तरी नावावर ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेलं हवं.