फेरेट शिंकला तेव्हा: फ्लूवरच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही दिवसांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: 'फ्लू म्हणजे साधी हंगामी सर्दी. पक्ष्यांचे आणि डुकरांचे विषाणू माणसाला लागत नाहीत. तरी शास्त्रज्ञ बदकांच्या विष्ठेवर आणि फेरेटांवर पैसा उधळतात. लस दरवर्षी बदलते, म्हणजे सगळं अंदाजपंचे. लशीनेच फ्लू होतो. आणि साथी तर प्रयोगशाळेतच तयार होतात.'

पाठवणारे चौघंही चांगले, काळजी करणारे लोक आहेत. पण कोंबडीच्या अंड्यांत इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे फ्लूचा, विषाणू वाढवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. यातल्या शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो.

पहिलं वाक्य लवकर निकालात काढता येतं. सर्दी बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरससारख्या दुसऱ्याच विषाणूंमुळे होते. फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजारांनी जगात दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि गरोदर बायकांना धोका अधिक. याला 'साधी सर्दी' म्हणणं मला क्रूर वाटतं.

पक्ष्यांचा विषाणू माणसाला लागत नाही, या म्हणण्याला मात्र थोडं थांबून उत्तर द्यायला हवं, कारण ते अर्धं खरं आहे. विषाणूला पेशीत शिरायचं तर आधी पेशीला चिकटावं लागतं. फ्लूचा विषाणू चिकटतो तो पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला, म्हणजे सियालिक आम्लाला. हे टोक पुढच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. बदकाच्या आतड्यात एक तऱ्हा, माणसाच्या नाकाघशात मुख्यतः दुसरी. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला सहसा लागत नाही. पण पक्ष्यांकडची तऱ्हा माणसाच्या फुफ्फुसात खोलवर आणि डोळ्यांतही सापडते. विषाणू भरपूर प्रमाणात शरीरात गेला तर तो तिथवर पोचतो.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये हेच झालं. कोंबड्यांतला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू थेट १८ माणसांना लागला आणि त्यातली ६ गेली. २००३ पासून जगभरात या विषाणूची नऊशेहून अधिक माणसांना लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. सौम्य आजारी माणसं तपासणीला येतच नाहीत, त्यामुळे मृत्यूचं खरं प्रमाण यापेक्षा कमी असू शकतं. शिवाय हा विषाणू अजून माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही. हा दिलासा खरा आहे. पण 'सहज पसरत नाही' आणि 'लागत नाही' यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इन्फ्लुएन्झा ए विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले की हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि बाहेर पडणाऱ्या विषाणूच्या हाती नवाच डाव असतो. १९५७ च्या साथीच्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूंकडून आले होते, १९६८ च्या विषाणूत दोन. २००९ चा विषाणू डुकरांमधून आला. १९६८ मध्ये आलेल्या त्या विषाणूची, म्हणजे एच३एन२ ची, पिलावळ आजही दर हंगामात फिरते आहे. म्हणजे ज्याला आपण 'माणसांचा फ्लू' म्हणतो, त्याच्या अंगावरचा एच हा प्रथिनाचा काटासुद्धा मुळात पक्ष्याकडूनच आलेला आहे. बदकांच्या विष्ठेत शास्त्रज्ञ काय शोधतात, असं कोणी विचारलं तर उत्तर एवढंच: पुढच्या साथीचे पत्ते.

आता फेरेट. हा मुंगसाएवढा, लांबुडका, मांसाहारी प्राणी. फ्लूच्या संशोधनात तो आला कसा, ही हकिकत मला फार आवडते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांत सापडणारा एक जिवाणू हेच आजाराचं कारण असल्याचं जाहीर केलं. १९१८ ची साथ आली, सुमारे पाच कोटी माणसं गेली, आणि डॉक्टर तोच जिवाणू शोधत राहिले. तो कधी सापडे, कधी सापडत नसे. (त्या जिवाणूचं नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएन्झी असंच आहे. चूक नावात कायमची राहून गेली.) १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या फ्लूमागे विषाणू असल्याचं दाखवलं. १९३३ मध्ये लंडनच्या विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशाच्या गुळण्यांचं पाणी गाळून फेरेटांच्या नाकात घातलं. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगावर काम चालू असल्याने फेरेट त्यांच्या हाताशी होते. ते आजारी पडले, शिंकू लागले. माणसाच्या फ्लूचा विषाणू अशा रीतीने पहिल्यांदा हाती आला. तीन वर्षांनी तिथलेच चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस आजारी फेरेटाला तपासत असताना तो त्यांच्या तोंडावर शिंकला. थोड्याच दिवसांत ते तापाने आडवे झाले आणि त्यांच्या घशातून तोच विषाणू मिळाला. फेरेटाच्या श्वासनलिकेतली सियालिक आम्लाची रचना माणसासारखीच आहे, हे पुढे कळलं. म्हणूनच एखादा नवा विषाणू हवेतून पसरेल का, हे पाहायला आजही फेरेट लागतात.

प्राण्यांवरचं काम वायफळ म्हणणाऱ्यांना आरएसव्ही या विषाणूची गोष्टही सांगायला हवी. लहान मुलांच्या छातीत भरणारा हा विषाणू १९५६ मध्ये सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. १९६० च्या दशकात फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस मुलांना देऊन पाहिली. संरक्षण सोडाच, पुढे खरा आरएसव्ही लागला तेव्हा लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली आणि दोन बालकं दगावली. लिहिताना आजही हात अडखळतो. असं का व्हावं? फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूचा उलटा परिणाम नंतर कॉटन रॅट जातीच्या उंदरांत डोळ्यांनी पाहता आला आणि पुढच्या लशी आधी त्या कसोटीला लावता आल्या. विषाणूला पेशीत शिरवणाऱ्या एफ प्रथिनाचा शिरण्याआधीचा आकार २०१३ मध्ये उलगडला आणि त्यावर बेतलेल्या लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या. मधली पन्नासहून अधिक वर्षं त्या दोन बालकांची आठवण या क्षेत्रावर होती.

'अंदाजपंचे' हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला, कारण ते काम मी हातांनी केलं आहे.

दहा-अकरा दिवसांचं सजीव अंडं अंधारात दिव्यावर धरलं की कवचाआड लाल रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि मध्ये गर्भाची सावली हलते. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखायची, कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईने नमुना आत सोडायचा, भोक मेणाने बंद करायचं. दोन-तीन दिवस अंडं उबवणीत ठेवून मग रात्रभर थंड करायचं आणि आतलं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. खरी परीक्षा इथून सुरू होते. वाडग्यांसारख्या खळग्या असलेल्या तबकडीत ते पाणी आणि तांबड्या रक्तपेशी घालायच्या. विषाणू असला तर तो पेशींना एकमेकींना बांधतो आणि खळगीत गुलाबी धुकट जाळी तयार होते. नसला तर पेशी खाली घरंगळून तळाशी लाल ठिपका बनतो. आता तशाच दुसऱ्या खळगीत आधी फेरेटाचं रक्तद्रव घाला. त्या फेरेटाला गेल्या वर्षीच्या विषाणूची लागण होऊन गेलेली असते. त्याची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला ओळखून पकडणारी प्रथिनं, नव्या विषाणूला ओळखत असतील तर त्याला जखडून टाकतात आणि तळाशी लाल ठिपका दिसतो. ओळखत नसतील तर जाळी. प्रतिपिंडांची मात्रा खळगीगणिक निम्मी करत गेलं की ओळख नेमकी किती उरली आहे, हे मोजता येतं. गेल्या वर्षीच्या रक्तद्रवापुढे अख्ख्या ओळीत जाळीच जाळी दिसली की पोटात गोळा येतो: विषाणूने रूप बदललं आहे.

जगभरच्या प्रयोगशाळा ही निरीक्षणं आणि जनुकांचे आराखडे एका जाळ्यात आणतात. ते जाळं १९५२ पासून चालू आहे. त्यावरून वर्षातून दोनदा लशीची शिफारस होते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये. अडचण मधल्या सहा महिन्यांची आहे. लस तयार होईपर्यंत विषाणू थांबत नाही. २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ निवडीनंतर सरकला आणि अमेरिकेत त्या वर्षी लशीची परिणामकारकता २० टक्क्यांच्या आसपास घसरली. जुळणी चांगली असते तेव्हा ती ४० ते ६० टक्के असते. हे आकडे लपवायचं काही कारण नाही. याहून चांगली लस हवी, हे माझंही म्हणणं आहे. पण लस बदलते ती विषाणू बदलतो म्हणून. उलट उदाहरणही ताजं आहे. फ्लूचा बी-यामागाटा हा प्रकार मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही. त्यामुळे २०२३ मध्ये तो लशीतून वगळावा अशी शिफारस झाली. अंदाजाने चालणारे लोक एखादी गोष्ट नाहीशी झाल्याची नोंद कशी ठेवतील?

लशीने फ्लू होतो? टोचायच्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात किंवा त्याचं नुसतं प्रथिन असतं. त्यातून काही वाढूच शकत नाही. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो नाकाच्या थंडाव्यात वाढतो, फुफ्फुसाच्या उबेत नाही. दंड दुखणं, एखाद दिवस कणकण हा शरीराने लशीला दिलेला प्रतिसाद आहे. संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्याआधी खरा फ्लू गाठू शकतो. लोकांचा अनुभव खोटा नसतो, त्यांनी लावलेलं कारण चुकीचं असतं.

राहता राहिल्या प्रयोगशाळा. १९७७ मध्ये एच१एन१ अचानक परत आला. त्याची जनुकं १९५० च्या सुमाराच्या विषाणूंशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. पंचवीसहून अधिक वर्षं निसर्गात फिरणारा विषाणू इतका जसाच्या तसा राहत नाही. तो कुठल्यातरी साठवणीतून किंवा लशीच्या चाचणीतून सुटला असावा, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात आणि मलाही तेच पटतं. २०११ मध्ये रॉन फूशिए आणि योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी, एच५ विषाणू फेरेटांत हवेतून पसरायला कोणते बदल पुरतात, हे प्रयोगाने दाखवलं. त्यावर जगभर वाद झाला, काम काही काळ थांबवलं गेलं. तो वाद योग्यच होता. असे प्रयोग करावेत का, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

पण 'साथी प्रयोगशाळेतच तयार होतात' हे वेगळं विधान आहे. १९१८ मध्ये फ्लूचा विषाणू कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हता, तो विषाणू आहे हेच माहीत नव्हतं. १९५७, १९६८ आणि २००९ च्या विषाणूंची वंशावळ पक्ष्यांपर्यंत आणि डुकरांपर्यंत जाते. आणि १९७७ चा संशय आला तो कशावरून? जुने विषाणू कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून नव्याशी ताडून पाहता आले.

प्राण्यांवर नजर का ठेवायची, याचं एक शेवटचं उदाहरण. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या टेक्सास आणि कॅन्सस राज्यांत गाईंचं दूध अचानक घटलं आणि घट्ट, पिवळसर येऊ लागलं. गोठ्यातली मांजरं आंधळी होऊन, झटके येऊन मरू लागली. ती मांजरं कच्चं दूध प्यायली होती. गाईला बर्ड फ्लू होतो, हे तोवर कोणाच्या मनातही नव्हतं. पशुवैद्यांनी दूध आणि मेलेली मांजरं तपासणीला पाठवली आणि दोन्हींत एच५एन१ निघाला. गाईच्या कासेत पक्ष्यांकडच्या तऱ्हेचं सियालिक आम्ल भरपूर असतं, हे त्यानंतर कळलं. पाश्चरीकरणाने दुधातला हा विषाणू मरतो. कच्च्या दुधात तो जिवंत राहतो.