ओढ्याकाठचा पट्टा टेप लावून आखू नका

शेत आणि ओढा यांच्यामध्ये गवताचा, झाडाझुडपांचा पट्टा राखा, म्हणजे खतं-औषधं पाण्यात जाणार नाहीत, हा सल्ला आता सगळीकडे ऐकू येतो. सल्ला योग्यच आहे. पण सगळ्या काठाला सारख्याच रुंदीचा पट्टा सोडून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

जोराच्या पावसात बांधावर उभं राहून बघा. वरच्या अंगाला पातळ पसरलेलं पाणी खाली येता येता एकवटतं आणि दोन-तीन ओघळींतूनच गढूळ लोंढा ओढ्यात उतरतो. तिथलं गवत आडवं पडतं, पाणी त्यावरून बिनदिक्कत निघून जातं. बाकीच्या काठावरचं दाट गवत मात्र नुसतंच उभं! रुंदी द्यायची ती या ओघळींच्या तोंडाशी. शिवाय ओघळीतच वरपर्यंत गवत लावायचं, म्हणजे लोंढा तयार व्हायच्या आधीच पाण्याचा जोर मोडतो.

जोर मोडला की गाळ खाली बसतो. खतातलं स्फुरद (फॉस्फरस) बरंचसं मातीच्या कणांना चिकटलेलं असतं, त्यामुळे गाळाबरोबर तेही अडतं. (पाण्यात विरघळलेलं स्फुरद मात्र निसटतं.) नत्राची (नायट्रोजनची) वाट निराळी. त्याचं नायट्रेट हे रूप पाण्यात विरघळून जमिनीखालून पाझरत येतं, वरचं गवत त्याला काय अडवणार? तिथे झाडांची खोल मुळं कामाला येतात. आणि काठची माती ओलसर, पालापाचोळा कुजलेली, हवा कमी असलेली असेल, तर तिच्यातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. पण शेताखाली निचऱ्याचे पाइप घालून त्यांचं तोंड थेट ओढ्यात काढलं असेल, तर हे सगळं बायपास. वर कितीही हिरवंगार दिसो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २०१५ साली कायदाच केला: सार्वजनिक जलप्रवाहांकाठी सरासरी ५० फूट, कुठेही ३० फुटांपेक्षा कमी नाही. कायद्याला आकडा लागतो, हे मान्य. तिथे तितक्याच उपयोगी पर्यायी उपायांना वावही ठेवलाय, ते मला जास्त आवडलं.

आणि जमीन जाते शेतकऱ्याची, स्वच्छ पाणी मिळतं खालच्या अंगाच्या लोकांना. त्या जमिनीचं भाडं कुणी द्यायचं, हे ठरवल्याशिवाय नुसती सक्ती केली तर पहिल्याच नांगरटीत पट्टा दोन हात आत सरकणार.

एक राहिलंच. पट्ट्यातलं गवत वेळच्या वेळी कापून बाहेर न्या, गुरांना घाला. तिथेच कुजू दिलंत तर त्यातलं स्फुरद सुटून पुन्हा ओढ्याकडेच जाईल.