मामा, शंभरनं गुण की

गेल्या रविवारी कोल्हापूरहून ताईचा व्हिडिओ कॉल आला आणि नेहमीसारखं जेवलास का, थंडी किती आहे वगैरे काही न विचारता तिने सरळ फोन भाच्याच्या हातात दिला. पोरगं यंदा मेकॅनिकल पास झालंय. त्याच्यापुढे दोन कागद आहेत. एक चाकणच्या ऑटो पार्ट्स कंपनीचं ट्रेनी इंजिनियरचं ऑफर लेटर, सगळं कापून हातात २२,०००. दुसरं इकडच्या, म्हणजे मी राहतो त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टकडच्या मास्टर्सच्या ॲडमिशनचं, आणि त्यासाठी बँक २२ लाखांचं कर्ज द्यायला तयार आहे, ताईचा फ्लॅट तारण ठेवून.

"मामा, तिकडं इंजिनियरला साठ हजार युरो मिळतात न्हवं? शंभरनं गुण की. साठ लाख झाले. मग यात विचार काय करायचाय?"

मी त्याला म्हटलं आठवडाभर दे मला, सांगतो. आणि आठवडाभर डोक्यात तेच चालू आहे, कारण २०१५ मध्ये मीही असाच गुणाकार करून आलो होतो, तेव्हा फक्त शंभरच्या जागी सत्तर होते.

तर आधी ते साठ हजार बघू. साठ हजार वर्षाचे, म्हणजे महिन्याला ५,००० युरो. अविवाहित माणसाच्या पगारातून पेन्शनचे ४६५ जातात, बेकारी विम्याचे ६५, आरोग्य विम्याचे सव्वाचारशेच्या आसपास, म्हातारपणीच्या देखभालीचा एक वेगळा विमा असतो आणि मूलबाळ नसेल तर त्याचे १२०, आणि मग इन्कम टॅक्स जवळजवळ ८००. हातात येतात ३,१०० च्या आसपास. त्यातून घरभाडं. श्टुटगार्टच्या आसपास एकट्याला साधा छोटा फ्लॅट हवा तर सात-आठशे सहज जातात, दोन खोल्यांचं घर गरम पाण्या-हीटिंगसकट हजाराच्या वरच. ट्रेन-बसचा महिन्याचा पास २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ चा होता, तो जानेवारी २०२६ पासून ६३ चा झाला. घरात टीव्ही असो वा नसो, रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ द्यावेच लागतात. आणि भारतात आता नव्या टॅक्स पद्धतीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य आहे. म्हणजे पुण्यात बारा लाखांवर असलेला माणूस आणि इथे साठ हजारांवर असलेला माणूस यांच्यात जे अंतर वाटतं ते साठ आणि बाराचं नाहीच आहे.

तरीही फायदा आहे, ते नाकारत नाही. काटकसरीने राहणारा एकटा मुलगा इथे महिन्याला हजार युरो बाजूला टाकतो, मी टाकले आहेत. आजारी पडलं की डॉक्टरच्या बिलाची भीती नाही, मुलाच्या शाळेची फी नाही, पाच वाजता घरी आलं की संध्याकाळ स्वतःची. ही मोठी गोष्ट आहे.

पण साठ हजार फ्रेशरला, आणि तेही जर्मन न येणाऱ्याला, आत्ता कोण देतंय? इथली ऑटो इंडस्ट्री दहा वर्षांपूर्वीची राहिलेली नाही. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार केला त्यात २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी व्हायच्या आहेत, गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या झेडएफने त्याच वर्षी २०२८ अखेर १४,००० पर्यंत जागा कमी करू म्हणून जाहीर केलं, बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये १३,००० जागांचा आकडा सांगितला. दुसरीकडे सरकार म्हणतं आम्हाला भारतातली कुशल माणसं पाहिजेत, वर्षाला २०,००० चे व्हिसा ९०,००० वर न्यायची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. दोन्ही खरं आहे. नर्स पाहिजेत, इलेक्ट्रिशियन पाहिजेत, ठराविक सॉफ्टवेअरवाले पाहिजेत. मेकॅनिकलचा मास्टर्स झालेला, बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतही जर्मन न येणारा मुलगा सध्या शंभर-दीडशे अर्ज करतोय आणि उत्तराची वाट बघतोय, असे चार तरी मुलगे माझ्या ओळखीत आहेत, दर महिन्याला कुणीतरी सीव्ही पाठवतं.

आणि आपल्याकडे एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या कार कंपनीच्या गेटमधून आत जाणारा प्रत्येक इंजिनियर त्या कंपनीचा नसतो. बरेचसे 'डिन्स्टलायस्टर'चे असतात, म्हणजे इंजिनियरिंगची माणसं पुरवणाऱ्या कंपनीचे. काम तेच, टेबल शेजारचंच, पगार कमी, आणि प्रोजेक्ट संपला की पहिला धक्का यांना. मी पाच वर्षं असाच होतो. २०२० मध्ये प्रोजेक्ट थांबला तेव्हा आमच्या कंपनीने मला 'कुर्त्सआर्बाइट'वर टाकलं, काम अर्धं, कमी झालेल्या पगाराचा काही भाग सरकार देतं, आणि मी रोज व्हिसाच्या कार्डावरची तारीख बघायचो. बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. नोकरी गेली तर ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे नोकरीच्या जोरावर व्हिसा मिळालेल्या माझ्यासारख्याला, नवीन शोधायला मोजके महिने मिळतात, ते मोजून झोप लागायची नाही.

म्हणून भाच्याच्या कर्जाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. २२ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता ३०,००० च्या आसपास बसतो. इथे नोकरी असेल तर ते ३०० युरो आहेत, जाणवणारही नाहीत. पण शिक्षण झालं, नोकरीच्या शोधासाठी मिळणारी मुदतही संपली आणि परत यावं लागलं तर? चाकणमध्ये अनुभव नसलेल्या मुलाला मिळणार पंचवीस हजार आणि हप्ता तीस हजार. म्हणजे परत यायचा रस्ताच नाही. मग माणूस मिळेल ते करतो, गोडाऊनमध्ये पार्सल उचलतो, रात्रीची डिलिव्हरी करतो, आणि घरी सांगतो प्रोजेक्ट चालू आहे. वाईट काम नाही ते, कष्टाचं आहे, पण त्यासाठी ताईचा फ्लॅट गहाण टाकायचा?

मला एवढंच कळतं की जायचं का नाही हा प्रश्नच नाही, जाताना परत येता येईल असं जातोय का हे बघायचं. अमेरिकेवाल्यांना हे सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत कळलं, जेव्हा एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर १,००,००० डॉलर फी लावायचा आदेश निघाला आणि सुट्टीला घरी आलेली मुलं विमानतळाकडे धावली. आपण तिथे पाहुणे आहोत, यजमानाचं मन कधी बदलेल त्यावर आपला ताबा नाही. आपल्या हातात एकच, की परत आलो तर उभं राहता येईल इतकं आपल्यापाशी असावं.

ते कुठून येतं, तर कामातून. मी इथे यायच्या आधी चाकणला चार वर्षं काढली, तीन शिफ्टमध्ये, हातात तेव्हा १४,००० होते आणि मोशीला तिघात एक खोली. हाताने केलेल्या कामाची किंमत मला इथे कळली. आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडीच्या ॲक्सलचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग होतं, ते लीक टेस्टला फेल जात होतं. दोन आठवडे सगळे सीलिंगचा पृष्ठभाग मोजत होते, रबर बदलत होते, टॉर्क तपासत होते. मी एक फेल गेलेला पीस घेऊन खिडकीपाशी गेलो आणि जिथे जाड रिब भिंतीला मिळते तिथे मशीनिंग झालेल्या भागावर तिरका उजेड पाडला. सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं. कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, आत जाड भागात धातू उशिरा गोठतो आणि तिथे जाळी पडते, मशीनिंगमध्ये ती कातडी निघाली की जाळी उघडी. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांनी शिकवलं, शाळेतून येताना मी त्यांच्या शॉपवर थांबायचो तेव्हा. तिथे कास्टिंग बिडाचं होतं, एवढाच फरक. आमचा इथला मायस्टर, म्हणजे शॉप फ्लोअरवरचा मुख्य कारागीर, पन्नाशीचा माणूस, त्याने तो पीस हातात घेतला, अंगठा फिरवला आणि मान हलवली. त्या दिवसानंतर मीटिंगमध्ये माझं मत विचारायला लागले, आणि पुढच्या वर्षी एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीने मला थेट पर्मनंट घेतलं.

हा मायस्टर इंजिनियर नाही. साडेतीन वर्षांचं 'आउसबिल्डुंग' केलेला, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत, आणि त्या काळातही पगार, आता या इंडस्ट्रीत शिकाऊ मुलाला महिन्याला हजार युरोच्या वर मिळतात. पुढे मायस्टरची परीक्षा. त्याचा पगार माझ्याच आसपास आहे आणि मशीनच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. आपल्याकडे आयटीआय झालेला तसाच हुशार पोरगा चाकणला वर्षानुवर्षं कंत्राटी राहतो, गेट पासचा रंगसुद्धा वेगळा. आणि त्याच्यासारखं होऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या मुलाला इंजिनियर करतं, मग इंजिनियर इतके होतात की त्यांनाही २२,००० च.

घरी आल्यावर ज्या चर्चा ऐकतो त्यात हे कुठेच नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं वाक्य आलं, आणि सगळे तासांवर भांडत बसले. इथे आमच्या इंडस्ट्रीत युनियनच्या करारात पश्चिम भागात १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा आहे. मी चाकणला ६० तास काम केलंय आणि इथे ३५, आणि मनापासून सांगतो, इथला दिवस जास्त दमवतो, कारण इथे साहेब निघायची वाट बघत बसायचं नसतं. देशभक्ती आणि ब्रेन ड्रेनवर बोलणाऱ्यांनी एकदा विचारावं की आयटीत फ्रेशरचा पगार साडेतीन लाखांवर दहा-बारा वर्षं का अडकून राहिला, आणि लाइन चालवणाऱ्या इंजिनियरला पुण्यात खोलीचं भाडं देऊन घरी पाच हजार पाठवता येत नाहीत हे कसं. पोरं देशाला कंटाळून जात नाहीत. हिशेब बसत नाही म्हणून जातात.

एक गोष्ट भाच्याला अजून सांगितलेली नाही. २०१८ मध्ये बाबांना व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन घ्यायचं होतं. "तू येणार असशील तर काढतो कर्ज," म्हणाले. मी नुकतं इथे घर बदललं होतं, पर्मनंट रेसिडेन्सी अजून लांब होती. मी म्हटलं दोन वर्षं थांबा. ते थांबले नाहीत, गुडघे थांबू देत नव्हते. २०१९ च्या गणपतीनंतर शॉप विकलं. मिलिंगला गिऱ्हाईक मिळालं, मोठा लेथ कुणी घेईना, तो भंगारात किलोवर गेला. ताईने फोटो पाठवला होता, टेम्पोत दोरखंडाने बांधलेला लेथ आणि बाजूला बाबा, हातात चकची, म्हणजे लेथच्या जबड्याची, चावी. ती चावी त्यांनी दिली नाही. आता ती इथे माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझा परतीचा रस्ता तो होता आणि तो मी माझ्या हाताने बंद केला, पगाराच्या कुठल्याच स्लिपवर हे छापून येत नाही.

भाच्याने येऊ नये असं मला वाटत नाही. यावं, पण तीन वर्षांनी, शिकायला नाही, कामाला. चाकणला शॉप फ्लोअर घ्यावा, क्वालिटीत गेला तर उत्तम, शनिवार-रविवार जर्मन करावं आणि बी१ तरी पूर्ण करावं, कारण ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिन्यांत पर्मनंट होता येतं आणि ते झालं की नोकरी गेली तरी रात्री झोप लागते. तेव्हा कर्ज नसेल. इथे नाही जमलं तर परत गेल्यावर चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठेही तीन वर्षांचा अनुभव दाखवून उभा राहील. उलट तोवर इथलं अर्धं काम तिकडे गेलेलंही असेल, आमच्या रोजच्या मीटिंगमध्ये आत्ताच पुण्याचे तिघे असतात.

आज रात्री फोन करणार आहे, भाच्याला नाही, ताईला. तारणाच्या कागदांवर सही व्हायची आहे बुधवारी. ॲडमिशनसाठी पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, चाकणच्या कंपनीला मात्र एक तारखेच्या आत कळवायचंय.