व्हाइस चेअरमनचं मत

2025च्या मे महिन्यातला एक रविवार. इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये माझा सकाळचा पहिला चहा, तिकडे सांगलीत नानांचा संध्याकाळचा. नाना म्हणजे माझे थोरले काका. सहकारी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये उभा जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही सरकारकडे ते ताळेबंद तपासायच्या नजरेनंच बघतात. फोन लागल्या लागल्या म्हणाले, "अगं, तुमच्याकडनं पैसे पाठवले तर पाच टक्के कर कापणार म्हणे?"

ट्रम्प यांच्या कर आणि खर्चाच्या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात ते होतं खरं. आईच्या औषधपाण्याला मी दरमहा पैसे पाठवते, त्यामुळे मलाही धाकधूक होतीच. मी काही बोलायच्या आत नानांचा पुढचा प्रश्न आला. "आणि तो तुमचा उपमुख्यमंत्री काय करतोय? त्याची तर बायको आंध्रकडची. तरी गप्प?"

उपमुख्यमंत्री म्हणजे अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स. मला हसू आलं, पण नानांचं तसं चुकत नव्हतं. आपल्याकडे 'उप' लागलेल्या माणसाकडे तिजोरी असू शकते. 28 जून 2024ला अर्थसंकल्प मांडताना 'लाडकी बहीण'च्या दरमहा दीड हजारांची घोषणा अजित पवारांनी केली, तेव्हा ते उपमुख्यमंत्री होते आणि अर्थमंत्रीही. गंमत म्हणजे उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाहीच. 1978 साली नासिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ते आघाडीचं गाडं हाकायच्या सोयीसाठी. अमेरिकेचा उपाध्यक्ष घटनेतला, पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नाही. अर्थखातं वेगळ्या मंत्र्याकडे, खर्चाची मंजुरी काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे, व्याजदर फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेकडे. 2022च्या जूनमध्ये इथली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. फेडनं त्या वर्षी मार्चपासून, शून्याजवळ असलेला दर सव्वा वर्षात पाचच्या वर नेला. दर ठरवणाऱ्या त्या बैठकीत उपाध्यक्षाला मत नसतं.

आता हे इथं राहणाऱ्यांना तरी कुठे कळतं? 2024ची दिवाळी, निवडणूक चार दिवसांवर. आमच्या घरी फराळाला जमलेल्यांत सरळ दोन तट पडले. एक आयटीवाला तावातावानं सांगत होता की किराणा महागला तो कमला हॅरिसबाईंमुळे. त्या तेव्हा बायडन यांच्या उपाध्यक्ष आणि अध्यक्षपदाच्या उमेदवार. शेजारच्या निवृत्त बाई त्याच्यावर उखडल्या. मेडिकेअरवाल्यांचं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्यांचं, इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरवर आलं, ते कुणाच्या मतानं? हातातली चकली तशीच राहिली आणि माझा चहा गार झाला. त्याआधी सप्टेंबरात व्हान्स पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग इथं एका दुकानात अंडी दाखवायला गेले होते. डझनाला चार डॉलर पडतात म्हणाले, आणि मागच्या फळीवर पाटी होती 2.99ची. म्हणजे एका उपाध्यक्षीणबाईंनी अंडी महाग केली आणि दुसरा होऊ घातलेला उपाध्यक्ष ती स्वस्त करणार, असा सगळा खेळ. पुढे तो निवडून आला आणि मार्च 2025मध्ये अंडी सरासरी सव्वासहा डॉलरला गेली, बर्ड फ्लूमुळे. कोंबड्यांना राजकारण कळत नाही.

हॅरिसबाईंची तर दोन्हीकडून पंचाईत. टीव्हीवर त्यांना विचारलं, बायडनपेक्षा वेगळं काय केलं असतं? चटकन काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलायची सोय होती का? अध्यक्षाच्या धोरणावर जाहीर नापसंती दाखवली, तर चार वर्षं गप्प का बसलात हा पुढचा प्रश्न तयारच.

इन्सुलिनच्या बाईंचं मात्र पूर्ण चूक नव्हतं. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या शंभर जणांच्या वरच्या सभागृहात, मतं सम पडली, तर उपाध्यक्षाचं कास्टिंग व्होट. त्या एका मतावर इथं खरोखर पैसा हललेला आहे. 1993मध्ये अल गोर यांच्या मतानं क्लिंटन यांचा अर्थसंकल्प 51-50 असा सुटला आणि श्रीमंतांचा वरचा करदर 39.6 टक्क्यांवर गेला. दहा वर्षांनी डिक चेनी यांच्या मतानं बुश यांची करकपात तितक्याच काठावर पास झाली. 7 ऑगस्ट 2022ला हॅरिसबाईंचं मत पडलं त्या विधेयकाला, ज्यात ते इन्सुलिन होतं. त्यांनी एकूण 33 वेळा असं मत दिलं, आजवर सर्वांत जास्त. आणि 1 जुलै 2025ला व्हान्स यांचं मत. तेच विधेयक, ज्यात नानांना सतावणारा कर होता.

त्यानंतरच्या रविवारी आषाढी होती. नाना साबुदाण्याची खिचडी खात फोनवर. मी सांगितलं की कर पाचावरून साडेतीनवर, सिनेटमध्ये एकावर आला, तोही रोख किंवा मनी ऑर्डरनं पाठवणाऱ्यांपुरता. मी बँकेच्या खात्यातून पाठवते, मला काही नाही.

"आणि शेवटचं मत तुमच्या त्या उपाध्यक्षानं टाकलं?"

"हो."

"विरोधात टाकू शकला असता?"

कागदावर हो. पण आपल्याच अध्यक्षाच्या विधेयकाविरुद्ध? मी गप्प.

"मग आमचा व्हाइस चेअरमनच की गं तो," नाना म्हणाले. "नाराज गटाला खूश करायला द्यायची खुर्ची. पाटी, गाडी, मोळीपूजनाला नारळ. उसाचा दर काय द्यायचा हे चेअरमन ठरवणार, आणि मतं सम पडली की ह्यानं हात वर करायचा."

चेनींचं उदाहरण देऊन मी थोडा वाद घातला. 2001मध्ये ऊर्जा धोरणाचा गट त्यांच्याकडे होता, त्यांचा दबदबा मोठा. 2009मध्ये 787 अब्ज डॉलरच्या खर्चावर देखरेख ठेवायचं काम ओबामांनी बायडन यांना दिलं होतं. "दिलं होतं ना? मग ते उसनं," नानांनी एका वाक्यात निकाल लावला. मला खोडता आलं नाही.

मी म्हटलं, नाना, खरा भाव पन्नासाव्याचा असतो. 51वं मत ठरलेलं, त्याला कोण काय देणार? पन्नासावा मात्र अडून बसतो. 2021मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मॅन्चिन यांनी बायडन यांची मोठी योजना अडवली, आणि पुढल्या वर्षी ती छाटून, नाव बदलून आणावी लागली तेव्हा कुठे त्यांनी होकार दिला. यावेळी तीन रिपब्लिकन फुटले आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांच्यावर सगळं अडलं. ग्रामीण रुग्णालयांचा निधी दुप्पट होऊन 50 अब्जांवर गेला, अलास्कात व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या कप्तानांची करसवलतसुद्धा वाढली, मग बाईंनी मत दिलं.

पलीकडे खिचडीची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"थांब जरा, पेन घेतो. काय नाव म्हणालीस त्या बाईचं?"